लिंपलेलं बळद

"…मग गेली कुठं म्हणतोस भुरी?"

सोनाक्कानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि कमरेवर हात ठेवून मल्हारीकडं बघितलं. मठाचा स्वयंपाक तिच्याकडं, आणि मठाची मांजर म्हणजे तिचा जीव की प्राण.

"असंल कुठंतरी," मल्हारी म्हणाला. "मांजराची जात ती. मुंडकं शिरलं की अंग शिरतंय."

"काल सकाळपास्नं दूध तसंच पडलंय, मल्हारीबुवा. भुरी उपास करणाऱ्यातली न्हाई. उपासतापास तुमचे."

मल्हारीनं उतरंडीमागं हात घातला. जात्यामागं वाकून बघितलं. शिडी लावून आढ्यापर्यंत चढला, पालखीची फडकी झटकली, सारा मठ पालथा घातला. एका भिंतीकडं मात्र त्यानं पाठच केली होती.

त्या भिंतीत बळद होतं. भंडाऱ्याचा जोंधळा वरच्या तोंडातून त्या पोकळीत ओतायचा, तोंडाला फळी बसवायची, शेणामातीनं लिंपायचं आणि ओल्या लिंपणावर कुंकवाचा पंजा उमटवायचा. एकदा पंजा उमटला की भंडाऱ्याच्या दिवसापर्यंत कुणी त्याला बोट लावायचं नाही, ही मठाची रीत. यंदा तो मान पहिल्यांदाच मल्हारीला मिळाला होता. काल साऱ्या गावादेखत पंजा उमटवून तो म्हणालाही होता, "आता मुंगी शिरायची न्हाई आत!"

लिंपताना आत काहीतरी सळसळलं होतं.

जोंधळा खाली बसतोय, असं त्यानं मनाला सांगितलं. माणसं बघत होती…

पडवीत रेवणबाबा वाती वळत बसले होते. मठाचे ते गुरू, मल्हारीचेही.

"सगळीकडं बघितलंस?"

"व्हय, बाबा."

"बरं."

बाबांनी आणखी एक वात वळली. मल्हारीला ते 'बरं' काही सोसेना.

"बळदाला… कान लावून बघू का?"

"कान तुझा. मला काय विचारतोस?"

मल्हारी भिंतीपाशी गेला खरा, पण कान टेकेना. आत आवाज असला, तर देवाच्या नावानं उमटवलेला पंजा फोडायचा आणि गावात तोंडघशी पडायचं. आणि आवाज नसला तर… कालपासून कोंडलेला जीव. आवाज करायला तरी उरला असेल का?

शेवटी डोळे मिटून त्यानं कान टेकवला.

भिंत गार होती. गप्प होती.

"न्हाई, बाबा! आवाज न्हाई काही," तो घाईघाईनं म्हणाला. "म्हणजे आत न्हाईच ती."

बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले. भिंतीकडं जातील असं वाटलं, पण ते मल्हारीपुढं येऊन थांबले. वाकले. त्याच्या छातीला कान लावून बराच वेळ तसेच राहिले.

"हितं लई आवाज आहे रे," ते म्हणाले.

मल्हारीनं शिडी भिंतीला लावली, वर चढला आणि त्या पंजावर मूठ हाणली. एकदा हाणून भागलं नाही. लिंपण मोठं पक्कं केलं होतं त्यानं! बोटांची सालपटं निघाली तेव्हा कुठं ढपला पडला. फळी उचकटून तो डोक्यासकट आत शिरला.

"भुरे… ए भुरे… चुकलं गं माझं…"

काळोखात त्यानं कोपरान् कोपरा चाचपला. जोंधळ्याखाली गाडली गेली असेल म्हणून टोपल्या भरभरून दाणे बाहेर दिले. खाली सोनाक्का पदर तोंडात धरून त्या झेलत होती.

हाताला लागला तो नुसता किडीसाठी घातलेला लिंबाचा वाळका पाला, सळसळणारा.

आणि मागून आवाज आला, "म्यॅव."

त्यानं डोकं बाहेर काढलं. दारात भुरी उभी. मिशांना जळमटं, कानात कोळिष्टक. तिनं अंग ताणून आळस दिला आणि सरळ दुधाकडं गेली.

"कुठल्या सांदीत तंगड्या वर करून पडली होतीस गं, भवाने?" सोनाक्का रडता रडता ओरडली. "हितं माणसाचा जीव जायची पाळी!"

मल्हारी शिडीवरच मटकन बसला आणि खुळ्यासारखा हसत सुटला. हसता हसता त्याची नजर खाली गेली. कुंकवाच्या पंजाचे तुकडे जमिनीवर विखुरले होते. संध्याकाळी गावातली माणसं आरतीला येणार. काय सांगायचं त्यांना?

त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"बाबा, उगाच फोडलं की मी. आत नव्हतीच ती."

बाबांनी खाली सांडलेला जोंधळा ओंजळीनं टोपलीत भरला. मग वर बघितलं.

"काल लिंपताना हे ठाऊक होतं व्हय रे तुला?"