टांगलेल्या माणसाचं पान

एका राज्यात पान बघायची चाल नव्हती. एरवी तिथली माणसं ताठ चालत, भांडत, हसत. पण धूम्रकेश मांत्रिकानं चौरंगावर भविष्य सांगायचं चित्राचं पान मांडलं रे मांडलं, की लहानथोर सगळे जमिनीला कपाळ टेकत. पान बघायचं मांत्रिकानं, अर्थ सांगायचा तोही त्यानंच, आणि भोगायचा मात्र बाकीच्यांनी. बरी वाटणी होती की नाही? त्या पानांचा गुणच असा, की पानासमोर जो अर्थ उच्चारावा तो खरा व्हावा.

तिथला राजा भद्रसेन. त्याला एक मुलगा, सुहोत्र, आणि एक मुलगी, कुवलया. सुहोत्राला राज्याभिषेक करायचं ठरलं, तेव्हा रिवाजाप्रमाणं वेशीवरच्या वडाखाली त्याचं पान काढलं. सगळ्यांनी कपाळं टेकली. राजानंही टेकलं. चौरंगापलीकडून धूम्रकेश म्हणाला,

"टांगलेला माणूस निघाला. पौर्णिमेला युवराज या वडाला उलटे टांगले जातील."

शब्द संपले आणि पानातली दोरी वळवळत बाहेर आली. एका टोकानं तिनं वडाची फांदी धरली, दुसऱ्यानं युवराजाचा पाय. रोज ती वीतभर आखडू लागली. राजानं डोळे पुसले, पण ब्र काढला नाही. मांत्रिकापुढं बोलायची त्याला सवयच नव्हती.

कुवलयेचं मात्र डोकं सणकलं. ती भर दरबारात उभी राहिली.

"अर्थ हाच, हे कशावरून?"

धूम्रकेश हसला. "अर्थ शिकायचेत? शीक की. खुळ्याचं पान आणि बुरुजाचं पान स्वतः भोगून ये. मग तिसऱ्याचा अर्थ सांगायचा हक्क तुझा. चुकलीस, तर चित्र होऊन पानात राहशील."

"कबूल," कुवलया म्हणाली आणि पायात वहाणा सरकवून निघाली.

वाटेत कुंपणावर एक भारद्वाज बसला होता, लाल डोळ्यांचा.

"मी दिसलो की लोकांना शकुन होतो," तो कुरकुरला. "मला कुणी दिसलं की काय होतं, ते मेलं कुणी विचारत नाही."

"मी विचारते. मी दिसले, काय झालं?"

"भूक लागली."

तिनं ओंजळभर लाह्या दिल्या. त्या खाऊन पक्षी पुढं उडाला आणि एका उंच कड्याच्या टोकावर जाऊन बसला.

"खुळ्याचं पान इथं. पाऊल टाक."

"खाली काय आहे?"

"ते ठाऊक असतं, तर पान शहाण्याचं झालं असतं."

कुवलयेला मागं फिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण भावाच्या पायातली दोरी आठवली आणि तिनं पाऊल टाकलं. वाऱ्यानं तिला अलगद झेललं आणि दरीपलीकडं ठेवलं. ज्याला लोक खुळा म्हणतात तो सगळ्यांच्या आधी निघालेला असतो, एवढं तिला कळलं.

पलीकडं एक बुरूज होता, वर सोन्याचा कळस. ती जवळ पोचते न पोचते तोच लखलखाट होऊन वीज पडली आणि बुरूज कोसळला. "अगं बाई!" म्हणून कुवलया मटकन खाली बसली आणि रडू लागली. तेवढ्यात ढिगाऱ्यातून माणसं बाहेर आली, खोकत, धूळ झटकत, एकमेकांच्या गळ्यात पडत. एका म्हातारीनं तिला विचारलं,

"रडतेस कशाला, पोरी?"

"एवढा बुरूज पडला हो!"

"तू बाहेर होतीस. आम्ही आत कोंडलेलो होतो." असं म्हणून म्हातारी आपल्या गावच्या वाटेला लागली.

कुवलया तशीच उठली आणि परत धावली.

पौर्णिमेच्या सकाळी युवराजाचा पाय जमिनीवरून सुटला होता. दोन शिपाई त्याला आधार देऊन उभे होते. चौरंगावर तेच पान. सगळी प्रजा पालथी. राजाही पालथा.

"कपाळ टेक, राजकन्ये," धूम्रकेश गरजला.

"टेकणार नाही."

"रिवाज आहे."

"असेल. कपाळ माझं आहे!"

आणि चौरंगाच्या अलीकडच्या बाजूला उभी राहून, पिढ्यान् पिढ्या कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं. तिनं पान पाहिलं. पाहिलं आणि खळखळून हसली. मग वाकून बापाचा हात धरला.

"आबासाहेब, उठा."

"नको, बाळ. कोप होईल."

"व्हायचा तो झालाच आहे. दादासाहेबांकडं बघा. माझा हक्क मी तुम्हाला देते. दिसतं ते बोला."

राजा धडपडत उठला. कपाळाला माती लागली होती, ती त्यानं पुसलीही नाही. त्यानं पान पाहिलं. त्याच्या बाजूनं चित्रातल्या माणसाचं डोकं वर होतं, एक पाय भुईवर, दुसरा दुमडलेला.

"अरे," राजा म्हणाला, आणि त्याचा आवाज चढत गेला, "हा तर नाचतोय! माझा सुहोत्र नाचणार आहे!"

युवराजाच्या पायाची दोरी सैल झाली, तुटली, आणि तिच्या गाठीगाठीची घुंगरं झाली. पाय भुईवर आला तो छुम् वाजतच.

"खोटं!" धूम्रकेश पलीकडून किंचाळला. "टांगलेलाच आहे! मला स्पष्ट दिसतोय!"

दिसत होताच. त्याच्या बाजूनं तो टांगलेलाच होता, आणि पानासमोर उच्चारलेलं खरं व्हायचंच होतं; पण युवराज तर सुटला होता. वडावरचं उरलेलं टोक सळसळत खाली आलं आणि मांत्रिकाच्या घोट्याला बसलं. क्षणात स्वारी वर, डोकं खाली.

"कसं दिसतंय आता?" भारद्वाजानं फांदीवरून विचारलं.

धूम्रकेश नुसते हातपाय झाडत राहिला. दुपार कलली तेव्हा कुठं तो हळूच पुटपुटला, "नाचतोय." तसा तो धपकन खाली पडला, आणि उठून जो पळाला तो राज्याबाहेर.

पानं ज्याची त्याला वाटली. ज्यानं त्यानं आपलं पान आपल्या हातात धरलं, आपल्या डोळ्यांनी पाहिलं. युवराज चाळ बांधून सिंहासनाकडं निघाला. त्याच्या मागून म्हातारा भद्रसेन, कपाळावर तीच माती, दुखरे गुडघे सावरत फेर धरून नाचत होता, आणि कुणी बघतंय का याची त्याला पर्वा नव्हती.