ज्योत झालेला राजा

एका राज्यात चांदणे सकाळी उशिरापर्यंत अंगणात रेंगाळत असे आणि कुणी त्याला हटकत नसे. तिथला राजा मणिध्वज भला माणूस, पण गोड बोलणाऱ्यावर चटकन विश्वास टाकणारा. एके दिवशी त्याच्या दरबारात वाग्भूषण नावाचा मांत्रिक आला. कोरड्या विहिरीतल्या शापित खजिन्यातून त्याने सोन्याची जीभ उचलून तोंडात बसवली होती. त्या जिभेने तो जे सांगे ते ऐकणाऱ्याला पटे, आणि पटले की तसेच होई.

तो म्हणाला, "महाराज, ज्योत उबदार असते, आपणही आहात. ज्योत खाल्ल्यावाचून टिकत नाही, आपणही नाही. ज्योतीभोवती लोक जमतात, आपल्याभोवतीही जमतात. मग आपण कोण?"

"ज्योत," राजा म्हणाला, आणि त्याच्या बोटांतून पिवळा उजेड झिरपू लागला.

मग काय, सिंहासनावर वाग्भूषण बसला आणि राजाला कोपऱ्यातल्या चौरंगावर ठेवले. खिडक्या लावून घेतल्या. दासदासी पाऊल न वाजवता चालत, शिंक आली तर पदरात दाबत. राजा ताट परत पाठवी आणि वाटीभर तिळाचे तेल पिई. दिवसेंदिवस तो मंद होत गेला, त्याच्या आरपार भिंत दिसू लागली. येत्या अमावास्येला तो विझणार, हे सगळ्यांना कळत होते. राणीने परोपरीने सांगून पाहिले, की अहो, तुम्ही माणूस आहात. प्रत्येक सांगण्यासरशी तो आणखी पातळ झाला. शेवटी तिने नणंदेला बोलावणे धाडले.

नणंद कुमुद्वती फार चौकस. भाजीत मीठ किती घातलेस इथपासून ढगात पाणी कोण भरते इथपर्यंत सगळे तिला विचारायचे असे. सासरचे लोक तिला पाहून वाट बदलत. पण भावावर तिचा जीव. निरोप मिळताच ती निघाली.

वाटेत नदी लागायची, तिथे धुळीचा रस्ता होता. दरबाराकडे येताना वाग्भूषणाने नदीवर जीभ चालवून पाहिली होती आणि तू रस्ता आहेस असे तिला पटवले होते. कुमुद्वतीने तिला बजावले की तू नदी आहेस. रस्ता दगडासारखा कडक झाला. पुन्हा बजावले, तो आणखी कडक झाला. दमून ती कडेला बसली आणि सवयीने विचारून गेली, "कुठे निघालीस गं?"

"समुद्राकडे," रस्ता म्हणाला.

"कशाला?"

"मिसळायला."

"रस्ते मिसळतात का?"

रस्ता विचारात पडला. कुमुद्वतीच्या पायाच्या बोटांत गारवा शिरला, आणि पाहते तो गुडघाभर पाणी.

पुढे एका झाडावर सीताफळ लटकले होते आणि गुणगुणत होते. तिने थांबून विचारले, "पिकून पडशील तेव्हा काय करशील रे?"

"पंख उघडीन," सीताफळ म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्याने चपापले. पाहते तो फळाच्या जागी फांदीवर साळुंकी बसली होती. ती उडून कुमुद्वतीच्या खांद्यावर आली आणि म्हणाली, "सांगितलेलं त्या जिभेखाली दबून जातं, बाई. विचारलेलं मात्र ज्याचं त्याला शोधावं लागतं."

अमावास्येच्या संध्याकाळी ती दरबारात पोचली. चौरंगावर करंगळीएवढा उजेड उरला होता. वाग्भूषणाने तिला मान लवून नमस्कार केला.

"राजभगिनी, आपण वारा आहात. परक्या घरात न विचारता शिरता."

"शिरते, हे खरं आहे," साळुंकी पुटपुटली.

कुमुद्वतीची पावले जमिनीपासून सुटली. पदर फडफडला, ज्योत आडवी झाली. आणखी एक पाऊल, की भाऊ गेला. राणीने तिचा हात घट्ट धरला.

कुमुद्वतीने वाद घातला नाही. "असेनही वारा," ती म्हणाली. "मला ठाऊक नाही."

ठाऊक असल्याचा जिथे दावाच नाही, तिथे जिभेला धरायला काही उरेना. पावले जमिनीला टेकली. तिने लांबूनच हळू विचारले, "दादा, ज्योतीला विझायची भीती वाटते का रे?"

"नाही. तिला काय कळतं?"

"तुला वाटते?"

"फार वाटते, कुमुद."

"मग भितंय ते कोण?"

उजेड थरथरला. मग त्यात आधी घामेजलेले कपाळ दिसले, मग मिशा, मग हात.

"मी," राजा म्हणाला.

राणीने खिडकी उघडली. वारा आत आला, आणि राजा नुसता शहारला.

वाग्भूषणाने तोंड उघडले, पण आता त्याचे पटवून घेणारे कुणी उरले नव्हते, आणि सोन्याची जीभ खणकन फरशीवर पडली. आत त्याची स्वतःची जीभ होती, तान्ह्या बाळासारखी कोवळी. कुमुद्वती त्याच्यापुढे जाऊन बसली.

"तुम्ही कोण हो?"

इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलेच नव्हते. "ठाऊक नाही," तो म्हणाला, आणि ते ऐकून स्वतःच दचकला.

राणीच्या मते त्याला सीमेपार हाकलायला हवे होते. राजा पुन्हा सिंहासनावर बसला आणि त्याने निवाडा दिला, की जीभ विहिरीत परत टाकावी, आणि वाग्भूषणाने रोज संध्याकाळी कुमुद्वतीच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. दरबाराला शिक्षा जरा जास्तच कडक वाटली. वाग्भूषण मात्र दुपारपासूनच ओसरीवर येऊन बसू लागला आणि ती कधी येते म्हणून वाटेकडे पाहू लागला.