खेचरांचा वाटा

तोफ पळाली, आणि तीही पायांनी! पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या त्या दुपारी गोळे फुटायला लागले तशी मराठा पलटणीची खेचरं बिथरली आणि पाठीवर सुटे भाग करून लादलेल्या तोफेसकट नाल्यापलीकडे तुर्कांच्या छावणीत जाऊन उभी राहिली.

कर्नलसाहेबांचा पारा चढला. राग काढायला माणूस आयता अटकेत बसलेला होता: बिगूलवाला बयाजी इंगवले. पाटणकडचा हा पठ्ठ्या लढाईत वाघ, पण हाताची सवय वाईट. खेचरांचे हरभरे चोरताना सापडला होता आणि आता वर्दी उतरवून त्याची घरी रवानगी व्हायची होती. गावात तोंड कसं दाखवायचं, या विचाराने गडी पार सुकला होता.

सूर्य मावळायच्या आत तोफ परत आण, वर्दी ठेवीन, साहेब म्हणाले. मात्र वरचा हुकूम होता की गोळी झाडायची नाही आणि नाल्यापलीकडे माणूस जायचा नाही. दुसऱ्या बिगूलवाल्याने चंदीचा, म्हणजे जनावरांच्या दाण्याच्या वेळेचा, बिगूल वाजवून पाहिलाच होता. खेचरांनी कान टवकारले आणि पुन्हा पाडले. हे कोणाच्या बापाला जमणार!

बयाजीने आपला बिगूल आणि हरभऱ्याची गोणी मागितली. नाल्याकाठी गोणीचं तोंड सोडून त्याने गावच्या जत्रेतली एक चाल फुंकली. पलीकडे धूळ उडाली. तुर्कांना ओझं उतरवायलाही सवड मिळाली नव्हती. ते आरडाओरडा करत मागे धावले, पण खेचरं तोफेसकट नाला ओलांडून आली आणि गोणीवर तुटून पडली. सोबतीला तुर्कांचंही एक खेचर आलं होतं.

साहेब चक्रावले. ही चाल कुठल्याही सरकारी नियमात नाही, मग जनावरांना कशी ठाऊक, असं त्यांनी विचारलं.

बयाजीने मान खाली घातली. "सायेब, सरावाच्या नावानं म्या रोज त्यांच्यापाशी हीच चाल वाजवायचो, आन् हरभरं चोरायचो. पर निम्मा वाटा त्यांस्नीच चारला. सरकारी चंदी तर समद्यांस्नीच मिळती. चोरीचा वाटा कोन सोडंल?"

साहेब पोट धरून हसले. बयाजीची वर्दी राहिली आणि हरभऱ्याच्या कोठीची किल्लीही त्याच्याच हाती आली.

"वाटणी निम्मी-निम्मीच ठेव," साहेबांनी बजावलं, "भांडण झालं तर मी खेचरांची बाजू घेईन."