झुपक्यातली मधली कळी

डोंगराच्या पायथ्याशी एक इवलीशी वाडी होती. तिथं भिमी, तिची आई आणि धाकटा भाऊ पोपट राहायचे. घरात गरिबी होती. आई उजाडताच लाकडं आणायला रानात जाई. त्यात वाडीतल्या पोरांना डांग्या खोकला झाला. पोपट खोकून खोकून लालेलाल होई.

भिमीजवळ एकच दौलत होती, पांढऱ्या गुलाबाचं रोप. शहरात त्याला फ्लोरिबंडा म्हणतात. वाडी म्हणे, झुपक्याचा गुलाब. भिमी त्याला शेणखत घाली, पानं न भिजवता बुडाशी पाणी देई.

एके सकाळी रोपानं झुपका धरला. मधे एक टपोरी कळी, भोवती चिमुकल्या हिरव्या कळ्या. आणि चमचमत्या दवाच्या थेंबातून उतरली बोटभर परी! पंख चंदेरी, पावलं गुलाबी.

"भिमे, याचं फूल ज्याच्या उशाशी ठेवशील, तो बरा होईल," ती म्हणाली. "पण नियम ऐक. मधली कळी राखलीस, तर ती उद्याच उमलेल आणि बाकीच्या सुकतील. ती खुडलीस, तर बाकीच्या साऱ्या एकदम फुलतील."

"कधी?"

"ते सांगायचं नसतं."

भिमी घरात धावली. परीचा नियम सांगून तिनं विचारलं, "पोपट्या, थोडं थांबवेल का रे तुला?"

"मग शेवंतीलाही फूल मिळेल?" शेवंती म्हणजे शेजारच्या ठमाकाकूंची नात.

"सगळ्यांना मिळेल."

"मग थांबतो. पण ताई, माझा खोकला तिच्यापेक्षा मोठा आहे हं!"

भिमीनं डोळे मिटून कळी खुडली. फेकवेना, म्हणून वाटीत पाणी घालून पोपटच्या उशाशी ठेवली.

ठमाकाकू कुंपणावरून ओरडल्या, "अगं खुळे, एवढी टपोरी कळी खुडलीस? हात आहेत की कोयते?"

भिमी रोज पाणी घालत राहिली. पोपटचा आवाज बारीक होत गेला.

अखेर झुपका फुलला! दुधासारखा, मोत्यांसारखा शुभ्र. पण एक कळी किडीनं खाल्ली होती, म्हणजे एक फूल कमी पडणार होतं. दारोदार फुलं देत भिमी ठमाकाकूंकडे पोचली, तेव्हा हातात एकच फूल होतं. आत शेवंतीला उबळ आली होती. काकू तिची पाठ चोळत होत्या.

"घ्या काकू," भिमी म्हणाली आणि रिकाम्या हातांनी घरी वळली.

"पोपट्या, तुझं फूल..." ती दारातूनच म्हणाली.

"ताई, हे बघ की!"

वाटीतली कळी उमलली होती. चांगली ओंजळभर! पाकळीवर परी पाय हलवत बसली होती.

"ही नियमातली नाही," ती म्हणाली. "ही माझ्या मनातली."

तेवढ्यात शेवंती धावत आली. "माझा खोकला गेला!"

"माझा आधी गेला!" पोपट ओरडला.

परी खुदकन हसली. घरभर शुभ्र, झगमग उजेड पसरला. आणि उजेडातच ती विरून गेली.