करवंदीतला चेंडू

रानात हॉकी रंगायची, तेव्हाची गोष्ट. गोलामागे करवंदीची जाळी होती. गोल झाला की चेंडू थेट काट्यांत जाऊन बसायचा.

कर्णधार कासवाला सामन्यासाठी आणखी एकच फॉरवर्ड घ्यायचा होता. चाचणीत सशाने सात गोल मारले, मुंगसाने पाच. सगळे सशाच्या नावाने ओरडू लागले. कासवाची नजर मात्र मुंगसाच्या ओरबाडलेल्या नाकावर खिळली.

“हे कशाने रे?”

“चेंडू काढताना लागलं, कप्तान.”

“मुंगूस खेळेल,” कासवाने जाहीर केलं.

ससा उसळून म्हणाला, “माझे दोन गोल जास्त आहेत!”

“आहेत ना. पण एक मारल्यावर दुसरा मारायला चेंडू कुणी आणून दिला?”

सशाने जाळीकडे पाहिलं. त्याच्या सातव्या गोलाचा चेंडू अजून काट्यांतच होता.