चित्रातले चाळीस माळी

परदेशात शिकताना माझ्या भिंतीवर आमच्या राजवाड्याच्या बागेच्या जुन्या चित्राची प्रत होती: उडणारी कारंजी, मोर, चाळीस माळी. परत आले तेव्हा कारंजी कोरडी होती आणि म्हाताऱ्या भागूबाई एकट्याच खुरपत होत्या.

राजवाड्याचे कारभारी सरदेसाई तेच चित्र नाचवत आले. “बाग हुबेहूब अशी हवी. ही बकुळ चित्रात नाही. उद्या तोडा!”

बकुळ भागूबाईंच्या नवऱ्यानं लावलेली. तो गेल्यापासून त्या तिच्याशीच बोलत.

त्यांनी चित्र निरखलं. “हुबेहूब ना, साहेब? मग यातले चाळीस माळी आधी आणा. मी एकटी आहे. बकुळीचं मग बघू.”

सरदेसाईंनी चित्र गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहरातली नोकरी नाकारली आणि बागेत जाऊन खुरपं मागितलं.

भागूबाई सरकून बसल्या. “ये पोरी. बाकीचे अडतीस येऊ देत सावकाश.”