राजाची मुनिया आणि एकट्याचा सारीपाट

"दसऱ्याच्या दरबारात ही मुनिया गायली पाहिजे! नाही गायली, तर हैबतीचा कडेलोट करा!"

कुरुंदगडाचा राजा रणधवल गरजला आणि पक्ष्यांचा राखणदार हैबती थेट कोठडीत गेला. बिचाऱ्याचा गुन्हा काय? राजाने हौसेने आणवलेली लाल मुनिया गात नव्हती, एवढाच. सोन्याच्या पिंजऱ्यात, एकटीच, पिसं फुगवून ती कोपऱ्यात बसून असायची. हैबतीने हात जोडून सांगितलं होतं, "महाराज, हिला सोबत हवी. चार मुनिया आणून सोडू का?"

त्यावर दिवाण अंबादासपंतांनी नाक मुरडलं होतं. "राजाची मुनिया माळावरच्या भुरट्या पाखरांत बसणार? महाराज एकमेव, तशी महाराजांची मुनियाही एकमेव!"

झालं! राजाला असलं बोलणं साखरेहून गोड लागे. त्याने हुकूमच काढला, की पिंजऱ्यात काय, महालातही दुसरं पाखरू दिसता कामा नये.

मग शहाण्यांची झुंबड उडाली. राजवैद्यांनी केशर चारलं. मुनियेने ते चोचीने उडवून लावलं, तिला तेवढी अक्कल होती. ज्योतिषीबुवांनी शनी वक्री असल्याचं सांगून स्वतःसाठी दक्षिणा घेतली. दरबारी गवयाने पिंजऱ्यापुढे बसून असा काही गळा काढला, की मुनियेने तोंडच फिरवलं. सोबतीची गोष्ट मात्र कुणी काढेना. खरं बोलून हैबतीची काय गत झाली, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

दसरा तोंडावर आला, तशी हैबतीची बायको गोजरा पदर खोचून भर दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, मुनिया एकटी असली तरी तिला मी गायला लावते!"

दरबारी फिदीफिदी हसले. दिवाणजी म्हणाले, "केशराने जमलं नाही, ते तुझ्या कोंड्याने जमणार का गं?"

"तुमच्या हुशारीने तरी कुठं जमलं, दिवाणजी?" गोजरा म्हणाली आणि राजाकडे वळली. "पण महाराज, एकट्याने रंगायचं कसं, हे त्या पाखराला दाखवायला तर हवं! तुमच्याइतका सारीपाट खेळणारा कुरुंदगडात दुसरा आहे का?"

"छे! कुणीही नाही!" राजाने मिशीला पीळ दिला.

"मग तुमच्यासमोर बसायची कुणाची लायकी? आज मुनियेपुढं एकटेच खेळा. डाव रंगला, की तिला गायला लावायचं माझ्याकडं लागलं. नाही जमलं, तर माझाही कडेलोट करा. फक्त डाव संपेपर्यंत इथं कुणी चकार शब्द काढायचा नाही. मुनियेच्या महालात असते तशी शांतता हवी."

राजाची छाती फुगली. आपली थोरवी कुणी अशी उघड बोलून दाखवली, की तो कशालाही तयार होई. पिंजरा आणला, पट अंथरला, सोंगट्या मांडल्या. राजाने फासे टाकले, आपली सोंगटी पुढे सरकवली. मग पटाला वळसा घालून पलीकडे बसला, पलीकडच्या गड्याचे फासे टाकले. दान मोठं पडलं, तेव्हा "हात घसरला!" म्हणून परत टाकले. एवढी लबाडी करूनही राजाला मजा येईना. पवबाराचं मोठं दान पडलं, तेव्हा त्याने मोठ्या आशेने वर पाहिलं. दरबार गप्प! पलीकडची सोंगटी त्याने मारली, पण चरफडायला समोर कुणी नव्हतं. फेऱ्या घालून घालून महाराजांना धाप लागली आणि जांभयाही यायला लागल्या.

कशीबशी शेवटची सोंगटी घरात गेली. राजा ओरडला, "जिंकलो!"

कुणी वाहवा म्हटलं नाही. दिवाणजींची जीभ तर इतकी वळवळत होती, की त्यांनी तोंडात उपरण्याचा बोळा धरला होता.

"अरे, बोला ना काहीतरी!" राजा चिडला. "मी जिंकलोय!"

गोजराने शांतपणे विचारलं, "कुणाला हरवलंत, महाराज?"

राजाने समोरच्या रिकाम्या बैठकीकडे पाहिलं.

"एका डावात जांभया आल्या तुम्हाला! आणि माळावर थव्यात चिवचिवणाऱ्या या जीवाला तुम्ही जन्मभर असं बसवलंय. ही गाईल, पण तिला उत्तर कोण देणार? दिवाणजी?"

दिवाणजींनी तोंडातला बोळा काढला. "महाराज, पण चारचौघींत बसवलं तर मुनियेचा मान—"

"पंत, मानाची एवढी काळजी असेल, तर त्या पिंजऱ्यात तुम्ही एकटे बसा!" राजा म्हणाला आणि स्वतःच खो खो हसत सुटला. मग काय, सगळा दरबार हसला. "आजच बागेत मोठा पिंजरा बांधा! माळावरून मुनिया आणा, चांगला थवा आणा! आणि गोजरा, तुला काय हवं ते माग!"

"आधी माझ्या नवऱ्याला सोडा, महाराज. तोही कोठडीत एकटाच आहे. उद्या तुम्ही विचाराल, हा का गात नाही, आणि परत वैद्यबुवा केशर घेऊन जातील!"

राजाला हसून हसून ठसका लागला. डोळे पुसत त्याने हैबतीला सोडायचा हुकूम दिला, हातातलं सोन्याचं कडं उतरवलं आणि गोजराच्या ओंजळीत टाकलं.